गाडीला वेळ आहे, तोवर बाईनं कुठं जायचं?

निमोण्यातल्या आमच्या बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की मी काहीतरी वाचून दाखवते. कधी आपल्याच अंकातला लेख, कधी वर्तमानपत्राची पुरवणी. मागे एकदा एका पुरवणीतलं प्रवासवर्णन वाचलं. लिहिणारी मुंबईची, नोकरदार बाई. विमान बदलायला तिला व्हिएतनामच्या हो चि मिन्ह शहरात, म्हणजे जुन्या सायगावात, नऊ तास थांबायचं होतं. विमानतळावर बसून राहण्याऐवजी ती शहरात गेली आणि दिवसभर पायी हिंडली. बेन थान बाजार, फुटपाथवर बुटक्या स्टुलांवर बसून खाणारी माणसं, टोपल्या घेऊन बसलेल्या बाया. मोटारसायकलींचा लोंढा एवढा, की रस्ता ओलांडताना थांबायचं नाही आणि पळायचंही नाही. एका चालीनं चालत राहायचं, गाड्या आपोआप बाजूनं निघून जातात. वर्णन चांगलं होतं. संपल्यावर मला वाटलं, आमच्या बायांना काय त्याचं! त्या गप्पच होत्या. मग एकजण म्हणाली, "आणि मुतायला कुठं गेली ती?"

सगळ्या हसल्या. हसू ओसरल्यावर दुसरीनं विचारलं, "पिशवी कुणापाशी ठिवली?" आणि माझी धाकटी जाऊ, जिची मुलगी नुकती बारावी झाली होती, ती म्हणाली, "तिला कुणी इचारलं नाही का, एकटीच का हिंडतीस म्हणून?"

लेखात या तीनपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं. लिहिणारीला ते पडले नसतील असं मी म्हणणार नाही. पडले असतील, तिनं सोडवलेही असतील, पण लिहिण्यासारखे वाटले नसतील. मला मात्र तेव्हापासून वाटतं, की बाईच्या प्रवासाबद्दल काही लिहायचं तर सुरुवात तिथूनच करायला हवी.

विमान बदलायची पाळी आमच्यावर येत नाही, पण गाडी बदलायची येते. निमोण्याहून कुठंही लांब जायचं तर सकाळी मिळेल त्या वाहनानं शिरूर गाठायचं, तिथून पुणं. नगर रस्त्यानं येणाऱ्या गाड्या शहराच्या एका टोकाला सोडतात. शिवाजीनगरचा स्टँड मेट्रोच्या कामासाठी २०१९च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवला, तेव्हापासून ते टोक आणखीच लांब गेलं. सातारा, फलटण, कोकण या बाजूच्या गाड्या सुटतात स्वारगेटहून. मधल्या वेळेला इंग्रजीत काहीतरी झकास नाव आहे म्हणे. आमच्याकडं त्याला नुसतं 'बसून राहिले' म्हणतात. चार तास बसून राहिले, सहा तास बसून राहिले. खांबाला टेकून, पिशवी दोन पायांच्या मध्ये, पदर घट्ट. सकाळपासून पाणी प्यायलेलं नसतं, कारण पाणी प्यायलं की पुढचं सगळं आलं. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झालं. फार चांगलं झालं, आमच्या बाया माहेरी, दवाखान्यात, कोर्टात जास्त जाऊ लागल्या. पण गाडीतली जागा अर्ध्या पैशात मिळाली म्हणून दोन गाड्यांच्या मधली जागा काही आपली झाली नाही.

बसून राहणं म्हणजे सुरक्षित, असं आपल्याला शिकवलंय. बाईनं वाट पाहायची ती एका जागी. बाप्या मात्र बाकावर वर्तमानपत्र अंथरून झोपतो, उठून चहा पितो, समोरच्या पिक्चरला जाऊन येतो, गाडी चुकली तर दुसरीनं जातो. त्याच्याकडं कोणी बघत नाही. त्याचा वेळ त्याचा असतो.

२०२५च्या ऑक्टोबरात मला असे सात तास मिळाले. जावेच्या मुलीला कोकणातल्या एका गावी नर्सिंगला प्रवेश मिळत होता. कागद समक्ष न्यायचे होते. रात्रीच्या गाडीचं आरक्षण स्वारगेटहून साडेसहाचं, आणि मी पुण्यात उतरले साडेअकराच्या आत. कागद मुलीचे, शिकायचं तिला, पण गेले मी. ती का नाही, ते पुढं सांगते. उतरल्यावर सवयीनं खांब शोधला. मग त्या बैठकीतले तीन प्रश्न आठवले आणि ठरवलं, या टोकाहून त्या टोकाला चालत जायचं.

खरं सांगते, पहिला तासभर मला चालताच येईना. म्हणजे पाय चालत होते, पण असे, की जणू मला उशीर झालाय. कोणी मेलंय, कोणी दवाखान्यात आहे, अशा गतीनं. बाई रस्त्यावर आहे म्हणजे काहीतरी काम आहे, हे आपल्या पोटऱ्यांत भरलेलं असतं. नव्या पुलावर आले तेव्हा मुद्दाम थांबले. कठड्याला टेकून मुठेचं पाणी बघत उभी राहिले. पाच मिनिटंही झाली नसतील, एक भला माणूस थांबला. "काय मावशी, काही हरवलं का?" मी म्हटलं, नाही. "कुठं जायचंय?" मी म्हटलं, कुठंच नाही. त्याचा चेहरा असा झाला, की मला वाटलं आता हा पोलीस बोलावतो. नदीवर एकट्या उभ्या असलेल्या बाईबद्दल लोकांना एकच शंका येते, हे मला नंतर सुचलं. माणूस चांगला होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण जीव द्यायला नाही, नुसतं बघायला बाई पुलावर थांबू शकते, ही शक्यताच त्याच्या डोक्यात नव्हती.

शनिवारवाड्यावरून बुधवार पेठेत आले. दगडूशेठच्या गणपतीसमोर भिडे वाड्याची जागा आहे. १८४८ साली इथं मुलींची शाळा निघाली. जागेचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २०२३च्या डिसेंबरात मोडकळीला आलेला वाडा स्मारकासाठी पाडला. सावित्रीबाईंची गोष्ट आपण दर ३ जानेवारीला सांगतो. शेण, चिखल, दगड, आणि पिशवीतलं दुसरं लुगडं. त्या गोष्टीत आपण शेणावर थांबतो. मी त्या दिवशी दुसऱ्याच गोष्टीचा विचार करत होते. ही बाई रोज चालत येत होती. घोड्यागाडीतून नाही, पडद्यातून नाही. सतरा-अठरा वर्षांची बाई पेठांतून पायी. लोकांनी शेण मारलं ते शिकवण्याला, हे खरंच. पण ते मारता आलं, कारण ती रस्त्यात दिसत होती. आणि तिनं त्यावर उपाय काय केला? लुगडं दुसरं घेतलं. रस्ता सोडला नाही.

तिथून थोडंच पुढं गेल्यावर एक रिक्षावाला म्हणाला, "ताई, त्या गल्लीतून जाऊ नका." कुठल्या गल्लीतून, ते पुण्याच्या वाचकांना सांगायला नको. मी गेले. दारांत बाया उभ्या होत्या. एक माझ्याच वयाची, पायरीवर बसून लसूण सोलत होती. तिनं मान वर केली, मी हसले, तीही हसली. मैत्रिणींनो, आपल्याला रस्त्यावर रेंगाळू न देणारी भीती नुसती बलात्काराची नाही. दुसरी भीती आहे, 'तसली' समजतील ही. भरभर चालते ती घरंदाज, थांबते ती तसली. १९५६च्या अनैतिक व्यापार कायद्यात सार्वजनिक जागी गिऱ्हाइकाला खुणावणं हा गुन्हा आहे, आणि कोण खुणावतंय, कोण नुसती उभी आहे, हे ठरवणार कोण? कोपऱ्यावरचा पोलीस. मग आपण स्वतःच कपाळावर घरंदाजपणाची पाटी लावून पळत सुटतो. त्या बाईला रस्त्यावर उभं राहायचा हक्क नाही, तोवर मलाही नाही. आपल्या संघटनांनी हे आपसात कितीदा बोलून दाखवलंय?

मंडईत केळी घेतली. तुळशीबागेच्या तोंडाशी उभ्यानं चहा घेतला. टपरीवर सगळे पुरुष, त्यांनी नको इतकी जागा करून दिली. पाय दुखू लागले तेव्हा बसायला जागा शोधली आणि एक शोध लागला. पुण्यासारख्या शहरात भर दुपारी बाईला फुकट बसता येईल अशा जागा तीन: देऊळ, दवाखान्याचं बाकडं आणि साड्यांचं दुकान. पुष्कळशा बागा दुपारी बंद. मी देवाला फारशी मानत नाही, पण त्या दिवशी अर्धा तास देवळात बसले, आणि समोर चपला सांभाळणाऱ्या बाईशी मनसोक्त गप्पा मारल्या. तिला मी सांगितलं, वेळ काढतेय. तिला ते लगेच कळलं. दिवसभरात तेवढी एकच.

आणि बैठकीतला पहिला प्रश्न? सांगते. एका स्वच्छतागृहाला कुलूप. दुसऱ्या ठिकाणी पुरुषांची मुतारी फुकट, बायकांना पाच रुपये, आणि पाच रुपये देऊन आत कडी नाही. तिसऱ्या ठिकाणी सोय झाली. पावणेतीन वाजले होते. यात कोर्टाचा आदेश नाही असं नाही. पुण्याच्याच 'मिळून साऱ्याजणी' मासिकानं याचिका केली होती, आणि मुंबई उच्च न्यायालयानं डिसेंबर २०१५मध्ये सांगितलं, की रस्त्यानं जाणाऱ्या बायकांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहं देणं हे महापालिकांचं कर्तव्य आहे, हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. मुंबईत त्याआधी २०११पासून 'राइट टू पी' मोहीम चालू झाली होती. निकाल चांगला आहे. त्याच्या प्रती काढून आपण किती ग्रामपंचायतींत, किती नगरपालिकांत नेल्या, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारते.

गंज पेठेत फुलेवाड्याच्या अंगणात थोडी टेकले. तिथून भवानी पेठेच्या कडेकडेनं स्वारगेटला पोचले तेव्हा साडेचार झाले होते. आणि तिथं पाऊल ठेवताच अंग ताठलं.

२५ फेब्रुवारी २०२५च्या पहाटे याच स्टँडवर एक मुलगी फलटणच्या गाडीची वाट पाहत थांबली होती. एका माणसानं तिला ताई म्हटलं, गाडी दुसरीकडं लागलीय म्हणून सांगितलं, आणि उभ्या असलेल्या अंधाऱ्या शिवशाहीत नेऊन तिच्यावर बलात्कार केला, अशी तिची फिर्याद आहे. पोलीस ठाणं हाकेच्या अंतरावर. संशयित आमच्या शिरूर तालुक्यातल्या गुनाटचा. गुनाट म्हणजे निमोण्याच्या शेजारचं गाव. दोन दिवस आमच्या उसात पोलीस, कुत्री, ड्रोन. गुनाटच्या लोकांनी शोधायला मदत केली, हे त्यांच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. २७ फेब्रुवारीच्या मध्यरात्रीनंतर तो सापडला. खटला चालवणं न्यायालयाचं काम. मला बोलायचंय ते बाकीच्यांबद्दल.

ती मुलगी हिंडत नव्हती. पुलावर थांबली नव्हती, कुठल्या गल्लीत शिरली नव्हती. ती तेच करत होती, जे आपण मुलींना करायला सांगतो. स्टँडवर बसली होती, गाडीची चौकशी करत होती, ताई म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवत होती. तरी प्रश्न तिलाच. गृह राज्यमंत्र्यांनी सांगितलं, की तिथं झटापट वगैरे काही झाली नाही म्हणून आसपासच्या लोकांना कळलं नाही. टीका झाल्यावर आपल्या बोलण्याचा विपर्यास झाला म्हणाले. आणि आमच्या भागात काय झालं? पारावर आठवडाभर एकच चर्चा: भागाची बदनामी झाली. मुलीचं काय झालं यापेक्षा सोयरिकी जुळताना गावाचं नाव आडवं येईल का, याची काळजी. त्याच आठवड्यात माझ्या दिरांनी सांगून टाकलं, पोरगी एकटी शिरूरच्या पुढं जाणार नाही. म्हणून तिचे कागद घेऊन मी.

आमच्या शिरूर तालुक्यात बिबटे फार. उसात राहतात, माणसांवर हल्ले होतात. वनखातं सूचना देतं: एकट्यानं जाऊ नका, अंधार पडायच्या आत घरी या, बोलत, आवाज करत चला. मुलींना दिलेल्या सूचना याच्याशी ताडून बघा. शब्दाला शब्द जुळतो. फरक एवढाच, की बिबट्यासाठी निदान पिंजरा तरी लावतात. बिबट्याला कोणी विचारत नाही हे कबूल, पण त्यानं खाल्लेल्या माणसालाही कोणी विचारत नाही, तू ओरडला का नाहीस म्हणून.

आता वाद आपल्या घरातला. त्या मार्चमध्ये तालुक्यातल्या संघटनांची एक बैठक झाली. ठराव लिहिला होता: स्टँडवर कॅमेरे हवेत, पोलीस चौकी हवी, महिलांसाठी वेगळा कक्ष हवा, आणि शेवटी, 'मुलींनी अनावश्यक थांबणे व फिरणे टाळून प्रवास करावा यासाठी जागृती करण्यात यावी.' त्या शेवटच्या ओळीवर मी सही करणार नाही म्हटलं. आवश्यक काय आणि अनावश्यक काय, हे कोण ठरवणार? दीर? एक जुनी सहकारी चिडली. म्हणाली, "इथं पोरी मरतायत आणि तुला हिंडायचं सुचतंय. हे शहरातल्या बायांचे लाड आहेत. आधी संडास होऊ दे."

तिच्याबद्दल मला आदर आहे, तिनं दारूबंदीच्या मोर्चात डोकं फोडून घेतलंय. पण इथं ती चुकते. संडास कशासाठी हवा? बाई रस्त्यावर आहे म्हणूनच ना! ती रस्त्यावर नसलेलीच बरी असं एकदा मानलं, की संडास बांधायचं कारणच उरत नाही. कॅमेरा असो नाहीतर चौकी, मागणी कुठलीही असो, तिच्या पोटात एक गृहीत धरलेलं असतं: बाई कामापुरती येईल आणि जाईल. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईवर लिहिलेल्या २०११च्या पुस्तकात हीच गाठ पकडलीय. त्यांचं म्हणणं, सुरक्षितता मागू नका, बिनकामाचं हिंडायचा हक्क मागा. सुरक्षितता मागितली की ती भिंतीच्या रूपानं मिळते. पुस्तक शहरावर आहे, इंग्रजीत आहे, पण निमोण्याच्या पारावर ते तंतोतंत लागू पडतं. पार कोणाचा? बाई तिथून जाते ती पदर ओढून, मान खाली घालून. गावातच जिला बसायला कट्टा नाही, तिला पुण्यात बाक कोण देणार?

ही भिंत सगळीकडं तीच असते. इंग्लंडमध्ये लीड्स भागात बायकांचे खून होत होते, तेव्हा पोलिसांनी बायकांनाच सांगितलं, अंधार पडल्यावर बाहेर पडू नका. १९७७च्या नोव्हेंबरात तिथल्या बाया रात्री मशाली घेऊन रस्त्यावर उतरल्या. कोलकात्याला आर. जी. कर रुग्णालयात डॉक्टर मुलीचा बलात्कार करून खून झाला. १४ ऑगस्ट २०२४च्या मध्यरात्री हजारो बाया रात्र आपली म्हणून बाहेर पडल्या. आणि सरकारनं काढलेला उपाय काय? शक्यतो बायकांना रात्रपाळी देऊ नका! सर्वोच्च न्यायालयाला त्या सप्टेंबरात सांगावं लागलं, की तुमचं काम संरक्षण देणं आहे, रात्रपाळी काढून घेणं नाही.

ठरावातली ती ओळ शेवटी निघाली. त्याजागी आम्ही घातलं: रात्रभर उघडी, फुकट स्वच्छतागृहं, सामान ठेवायला खोली, पाठ टेकता येईल असे बाक, कुठली गाडी कुठं लागली ते पुकारणारा जागा माणूस, म्हणजे कोणा अनोळखी ताईवाल्याला विचारावं लागणार नाही, आणि पडून असलेल्या गाड्यांना कुलूप. चिडलेल्या सहकारीनंही सही केली, पण माझ्याशी बोलली नाही. अजून नीट बोलत नाही.

मुलीचा प्रवेश झाला. दिरांनी अट घातली, जाता-येता मोठी आई सोबत हवी. मी कबूल झाले. लेख लिहायला बसून हक्काच्या गोष्टी करणारी मी, तडजोड केली, कारण नाहीतर प्रवेश गेला असता. दिवाळीनंतर तिला सोडायला निघालो तेव्हा पुन्हा तेच सात तास. ती म्हणाली, "मोठी आई, तू पिशव्यांपाशी बस, मी शनिवारवाडा बघून येते. तीनला येते." मी बसले. खांबाला टेकून, पिशव्या दोन पायांच्या मध्ये. तीन वाजले, सव्वातीन झाले. तिचा फोन लागेना. साडेतीनला ती रस्ता ओलांडून येताना दिसली, हातात पेरूची फोड, तिखटमीठ लावलेली. आणि माझ्या तोंडून काय निघालं? "कुठं होतीस गं इतका वेळ?"

"कुठंच नाही," ती म्हणाली.

मग स्वारगेटला जायला निघालो. वाटेत कळलं, पाणी तीही सकाळपासून प्यायली नव्हती.